चौदा नंबरातला ढेकण्या

पहिला घाव पडला तेव्हा माझा एक पाय अजून जीपमध्येच होता.

पेरूचं झाड काही फार मोठं नव्हतं, माणसाच्या दीड-दोन पट उंचीचं. कुऱ्हाडवाल्यानं दुसऱ्यांदा हात उचलला आणि तो तसाच राहिला. घरातून एक बाई सूप घेऊन बाहेर आली, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून खाली बसली आणि तांदूळ निवडायला लागली. ओरडली नाही, रडली नाही.

"मौसी, ऊठ," कुऱ्हाडवाला म्हणाला.

"तू तोड की. मी कुठं अडवलंय?" तिनं मान वर न करता एक खडा अंगणाबाहेर भिरकावला.

आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या होत्या. कुणी काही बोलत नव्हतं, पण कुणी आत जातही नव्हतं. फवारणीचं काम बघणारे बर्मनबाबू कपाळावरचा घाम पुसत उभे होते. मला पाहिल्यावर त्यांच्या जिवात जीव आला.

"बरं झालं मॅडम, तुम्ही आलात. आता तुम्हीच हिला सांगा. शेवटी कागद तुमचाच आहे."

त्यांनी खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. पेरू हे या किडीचे प्रमुख आश्रयस्थान असल्यामुळे मळ्याच्या हद्दीतील पेरूची सर्व झाडे त्वरित काढून टाकावीत. खाली माझं नाव होतं. हेमलता परब, कीटकशास्त्रज्ञ.

बाईनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. माझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं आणि पुन्हा सुपात बघितलं.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या जूनमधली. बंगालच्या उत्तरेला, भूतानचे डोंगर जिथून दिसतात त्या दुआर भागात, शालझोरा नावाचा चहामळा होता. मी सत्तावीस वर्षांची होते. वेंगुर्ल्याची मुलगी, दापोलीला शिकलेली, आणि दुआर भागातल्याच एका संशोधन केंद्रात नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं होतं. केंद्रात मी एकटीच बाई आणि एकटीच मराठी.

ती कीड मात्र मला नवी नव्हती. आमच्याकडे काजूचा मोहोर जाळणारा जो ढेकण्या, त्याचा हा सख्खा चुलत भाऊ. डासासारखा लांब पायांचा, पाठीवर टाचणीसारखा एक उभा काटा. कोवळ्या पानात सोंड खुपसतो आणि रस शोषतो. जिथं खुपसली तिथं तासाभरात पाणचट ठिपका, दुसऱ्या दिवशी तपकिरी, मग काळा. एक किडा दिवसाला शंभर-दीडशे ठिपके सहज पाडतो. चहाचं सगळं मोल दोन पानं आणि एका कळीत. नेमकी तीच हा जाळून टाकतो. वडिलांच्या काजूच्या बागेत मी लहानपणापासून त्याला ओळखत होते. म्हणून केंद्रात हे काम आपसूक माझ्याकडे आलं. आदल्या सप्टेंबरात मी पंधरा दिवसांत अकरा मळे पालथे घातले, शालझोराही त्यांतच, आणि ते पत्रक लिहिलं. संचालकांनी त्याच्या दोन हजार प्रती छापल्या. मी एक प्रत घरी वेंगुर्ल्यालाही पाठवली होती.

"थांबा जरा," मी बर्मनबाबूंना म्हणाले. "मी साहेबांना भेटून येते."

"किती वेळ थांबू?"

"मी येईपर्यंत."

शालझोऱ्याचे मॅनेजर अरिंदम लाहिरी पन्नाशीचे, बारीक अंगाचे, नीट बोलणारे गृहस्थ होते. ऑफिसच्या व्हरांड्यात त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतःच्या हातानं चहा ओतला आणि मग एक नकाशा पुढे सरकवला. चौदा नंबरचा विभाग लाल पेन्सिलीनं रंगवला होता, तेरा आणि पंधरा अर्धे अर्धे.

"तीन वर्षांपूर्वी चौदा नंबर माझा सर्वांत चांगला विभाग होता," ते म्हणाले. "आज तिथं तोडायला धड पान नाही. दर आठवड्याला फवारतोय. औषध बदललं, प्रमाण वाढवलं. कलकत्त्याहून कंपनीचं पत्र आलंय. दुर्गापूजेपर्यंत हा भाग सुधारला नाही, तर तिन्ही विभाग बंद करायचे आणि एकशे ऐंशी हंगामी मजूर कमी करायचे. अशा वेळी तुमचं पत्रक हाती आलं. चौदा नंबरच्या शेजारीच मजुरांच्या घरांची लाईन आहे. तीनशेच्या वर पेरू आहेत तिथं. सांगा, मी चुकलो का?"

"नाही," मी म्हणाले. "पण मला एकदा खात्री करू द्या."

"म्हणजे पत्रक लिहिताना नव्हती?"

त्यांनी हे टोचून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. म्हणून जास्त लागलं.

"पेरूवर हा किडा राहतो ही खात्री होती. तुमच्या चौदा नंबरात तो तिथूनच येतो का, हे मी पाहिलेलं नाही."

लाहिरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आज सोमवार. पुढच्या सोमवारपर्यंत मी थांबतो. त्यानंतर तुम्ही हो म्हणा किंवा नाही, मला काहीतरी करावंच लागेल."

मी लाईनीत परत आले. कुऱ्हाडवाला बिडी ओढत बसला होता. बाईचे तांदूळ निवडून झाले होते, तरी ती उठली नव्हती. आठ दिवस झाडं तुटणार नाहीत असं मी सांगितलं. बायकांत कुजबूज झाली. बाईनं सूप मांडीवर घेतलं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. तिचं नाव करमी. उरांव समाजाची, साठीला आलेली. तोडणीच्या बायकांवर सरदार म्हणून एक पुरुष नेमलेला होता, पण बायका ऐकायच्या ते करमीचं. ती सादरी बोलायची, मी दापोलीची हिंदी. दोन्हींची मोडतोड करून आमचं निभायचं. इथं सगळं मराठीतच सांगते.

"मौसी, हे झाड तुम्ही लावलंत?"

"सासूनं. घर कंपनीचं, जमीन कंपनीची, विहीर कंपनीची. पेरू तेवढे आमचे. हाटात विकतो, पोरं खातात, पोट बिघडलं तर पाला उकळतो." तिनं सूप आपटून झटकलं. "तुला तोडायचं असेल तर तोड. मी फक्त बसले होते."

"तुम्ही रोज चौदा नंबरात पत्ती तोडता. तुम्हाला काय वाटतं, हा किडा कुठून येतो?"

हा प्रश्न मी मोठ्या मोकळेपणानं विचारला होता. करमी हसली, पण ते हसू मला धड कळलं नाही.

"मला काय विचारतेस? शिकलेली तू. उद्या पाचला ये. तुझ्या डोळ्यांनी बघ."

मंगळवारी पाचला मी चौदा नंबरच्या तोंडाशी उभी होते. त्या भागात उजाडतं लवकर. शिरिषाच्या सावलीखाली कमरेइतकी छाटलेली झुडपं लांबवर पसरली होती, आणि त्यांच्यावर कुणी विस्तव फिरवल्यासारखे शेंडे काळे पडले होते. करमीनं एक फांदी वाकवून माझ्यापुढे धरली. कळीवर ढेकण्या बसला होता. शेजारच्या शेंड्यावर दुसरा. जिथं हात लावावा तिथं एक. रस प्यायची त्यांना एवढी घाई होती की मी बोट नेलं तरी हलेनात.

"आता बस इथंच," करमी म्हणाली आणि कामाला लागली.

मी बसले. सहा वाजले, सात वाजले. आठच्या सुमाराला शिरिषातून ऊन खाली उतरलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ढेकणे शेंडे सोडून खाली सरकायला लागले. साडेआठला वरच्या पानांवर एकही उरला नाही. नऊला भोंगा झाला. पाठीवर पंप घेतलेली बारा माणसं रस्त्याच्या बाजूनं ओळीत आली आणि फवारत पुढे सरकू लागली. सगळं औषध वरच्या पानांवर पडत होतं. मी एका झुडपात दोन्ही हात घालून ते फाकवलं. आत, जुन्या फांद्यांच्या गर्दीत, ढेकणे कोरडे ठणठणीत बसले होते.

"बर्मनबाबू, नऊलाच का सुरू करता?"

"हजेरी साडेआठला होते मॅडम. मग पाणी भरायचं, औषध मिसळायचं."

"आणि रस्त्याकडूनच का?"

"पाण्याची टाकी रस्त्यावर आहे." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू याहून सोपं उत्तर जगात असूच शकत नाही.

मला दोन गोष्टी कळल्या होत्या, आणि दोन्ही शाळकरी मुलाला कळाव्यात इतक्या साध्या. हा किडा पहाटे आणि संध्याकाळी वर असतो, हे मी स्वतः पत्रकात छापलं होतं. नऊच्या भोंग्याशी ते कुणी ताडून पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आणि रस्त्याकडून फवारत गेलं की जे थोडे उडायचे ते पुढे पुढे सरकत दुसऱ्या टोकाला गोळा व्हायचे.

"दुसऱ्या टोकाला काय आहे?" मी करमीला विचारलं.

"चल," ती म्हणाली.

चौदा नंबरच्या त्या टोकाला एक झोरा होता, म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. त्याच्या दोन्ही काठांवर एक वेल माजला होता. झाडं, कुंपण, दगड, सगळं त्यानं हिरव्या गोधडीखाली झाकून टाकलं होतं. तिथले लोक त्याला जर्मनी लता म्हणत. वेल चहाच्या शेवटच्या ओळीवरही चढला होता. त्या ओळीतली झुडपं काळी नव्हती, मेलेलीच होती. करमीनं वेलाचा एक शेंडा उलटा केला. त्यावर तेच तपकिरी ठिपके होते. मी मागे वळून लाईनीकडे पाहिलं. पेरूंच्या बाजूची झुडपं त्या मानानं हिरवी होती.

पण नुसतं दिसून भागणार नव्हतं. लाहिरींना आकडा लागणार होता, आणि मलाही.

किड्यावर रंगाचा ठिपका द्यायचा आणि तो नंतर कुठं सापडतो ते बघायचं, ही युक्ती मी पुस्तकात वाचली होती. केंद्रात खास पावडरी होत्या, पण त्या आणायला तीन दिवस मोडले असते. मी हाटातून लाल नेलपॉलिशच्या दोन बाटल्या घेतल्या. पांढरा रंग मिळेना. शेवटी ऑफिसच्या टायपिस्टबाबूंकडे मागितलं, त्यांनी चुका झाकायची पांढरी शाई कुरकुरत दिली.

बुधवारी आणि गुरुवारी पहाटे करमी चार बायका घेऊन आली. दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन आणल्या होत्या. ढेकण्या नाजूक, चिमटीत धरला की पाय तुटतो. मी जाळीनं पकडत होते आणि दहांतले तीन मारत होते. त्या बायकांचं बघून मी जाळी ठेवून दिली. डाव्या हाताचा द्रोण शेंड्याखाली न्यायचा, उजव्या हाताच्या एका बोटानं वरून टिचकी मारायची, किडा द्रोणात, द्रोण बाटलीवर. दिवसाला हजारो शेंडे खुडणारे ते हात. किड्याला कळायच्या आत काम झालेलं असायचं.

"दिदीमोनी, तुमच्या जाळीला भोक आहे काय?" त्यांतली एक धाकटी म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले.

गवताच्या काडीनं मी ठिपके देत गेले. पेरूवर पकडलेल्या दोनशेंना पांढरा, वेलावर पकडलेल्या दोनशेंना लाल. ज्याला जिथून आणलं तिथंच सोडलं. शुक्रवारपासून रविवारपर्यंत फवारणी थांबवायची होती. बर्मनबाबू त्याला तयार नव्हते, पण लाहिरींनी चिठ्ठी दिली. त्या तीन दिवसांत ऊन चढायच्या आत करमीच्या छत्तीस बायकांनी पत्ती तोडता तोडता चौदा नंबरची एकेक ओळ नजरेखालून घातली. ठिपकेवाला दिसला की हाक यायची, "लाल!" मी धावत जायचे. पुन्हा लांबून, "लाल!" शनिवारी पहाटे एकदा "पांढरा!" अशी हाक आली आणि सगळी टोळी चिडीचूप झाली. मी जाऊन पाहिला. खरंच पांढरा होता.

करमी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "लिही," ती म्हणाली. "आहे ते लिही."

सोमवारी सकाळी मी लाहिरींच्या व्हरांड्यात बसले. बर्मनबाबू भिंतीला टेकून उभे होते. पायरीखाली करमी आणि तिच्या टोळीतल्या दहा-बारा जणी, टोपल्या उतरवून.

"चौदा नंबरात ठिपकेवाले त्रेचाळीस सापडले," मी म्हणाले. "एकेचाळीस लाल. दोन पांढरे."

लाहिरींनी मनाशी हिशेब केला. "दोन तर आहेत ना, मिस परब?"

"आहेत. पेरू तोडले तर ते दोन थांबतील. एकेचाळीस तसेच राहतील, आणि तुमच्याकडे सगळ्या लाईनीची नाराजी वर."

"मग काय करू म्हणता?"

मी रात्रभर नव्हे, गेले सहा दिवस हेच मनात घोळवत होते. त्यामुळे अडखळले नाही. झोऱ्याकाठचा वेल मुळासकट काढायचा. दर सातव्या दिवशी तोडणी करायची आणि काळे शेंडेही खुडून घ्यायचे, कारण अंडी त्या कोवळ्या देठांतच असतात. ते शेंडे मळ्याबाहेर नेऊन पुरायचे. तोडणी झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे फवारणी, ऊन चढायच्या आत संपवायची. सुरुवात चारही कडांनी करायची आणि आत सरकायचं, म्हणजे किडा कोंडला जाईल. आणि फवारणाऱ्यानं पंपाची नळी झुडपाच्या पोटात घालायची, डोक्यावर नाही.

"पहाटे?" बर्मनबाबू पुढे झाले. "हजेरी साडेआठची आहे. युनियन ऐकणार नाही. माणसं पाचला येणार कशी?"

"दुपारी बाराला सोडलं तर येतील," पायरीखालून करमी म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "माझा जावई पंपावर आहे. सहा महिने झाले, भर उन्हात पाठीवर औषध घेऊन फिरतो, घरी येऊन ओकतो. त्याला विचारा, पाचला येशील का. धावत येईल."

लाहिरींनी ड्रॉवर उघडून माझं पत्रक बाहेर काढलं.

"हे सगळं मला पटतंय. पण कलकत्त्याला हे पत्रक पोहोचलेलं आहे. त्यात लिहिलंय पेरू काढा. उद्या मला विचारतील, केंद्र सांगत असताना तुम्ही पेरू का ठेवलेत? मी काय उत्तर देऊ? की एका मुलीनं नेलपॉलिश लावून मोजलं म्हणून?"

"मला एक कागद द्या."

त्यांनी दिला. मी उभ्या उभ्या लिहिलं. पत्रकातील पेरूची झाडे काढण्याची शिफारस पुरेशा तपासणीविना केलेली आहे. शालझोरा मळ्यात प्रादुर्भावाचे मुख्य मूळ झोऱ्याकाठचा वेल आहे. ती शिफारस मी मागे घेत आहे. खाली सही केली, तारीख घातली.

"तुमच्या संचालकांना विचारलंत?" लाहिरींनी विचारलं.

"पत्रक लिहिताना पेरूवाल्यांना कुठं विचारलं होतं?"

ते पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. मग पायरीकडे बघून म्हणाले, "करमी, पंपवाल्यांना निरोप दे. उद्या पाचला."

पहिल्या पंधरवड्यात काहीच फरक दिसला नाही आणि ते बर्मनबाबूंनी मला रोज ऐकवलं. वेल उपटलेल्या जागी तो पुन्हा फुटायचा, पुन्हा उपटावा लागायचा. तिसऱ्या आठवड्यात मी नेहमीच्या शंभर शेंड्यांची मोजणी केली. आधी शंभरांत सत्तर काळे असायचे, ते चाळीसवर आले होते. पाचव्या आठवड्यात अकरा. ऑगस्टच्या मध्यावर मी केंद्रातून आले तेव्हा चौदा नंबर लांबूनच पोपटी दिसत होता, आणि बर्मनबाबू रस्त्याच्या तोंडाशी माझी वाट बघत उभे होते. "या मॅडम, आमचं काम बघा," ते म्हणाले. आमचं म्हणाले, मला फार बरं वाटलं.

पूजेला तिन्ही विभाग सुरू होते आणि एकशे ऐंशींपैकी एकही मजूर कमी झाला नव्हता. मला मात्र संचालकांचं लेखी विचारणापत्र आलं. परवानगीशिवाय केंद्राची शिफारस बदलण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी उत्तरादाखल त्रेचाळीस किड्यांचा तक्ता पाठवला. दोन महिने कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मार्चमध्ये नवं पत्रक निघालं, त्यात पेरूंचा परिच्छेद नव्हता. मधल्या काळात इतर मळ्यांत किती पेरू तुटले ते मी विचारत गेले. दोन मळ्यांत तुटले होते. ती किती झाडं, ते कुणाला सांगता आलं नाही, पण ती माझ्याच कागदानं तुटली.

त्याआधी, त्याच पूजेच्या सुट्टीत मी शालझोऱ्याला गेले, काम नसताना. करमीच्या अंगणात खाटेवर बसले. तिनं काळा चहा मीठ घालून दिला. तिकडे मजुरांच्या घरी असाच पितात. इकडचं तिकडचं बोलणं झालं. जावयाचं ओकणं थांबलं होतं. मग मी इतके दिवस मनात असलेलं विचारलं.

"मौसी, झोऱ्याकडून किडा येतो हे तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

"नाही. तुम्ही म्हणालात, पाचला ये."

"त्या दिवशी नाही." करमीनं पेल्यातला चहा फुंकला. "त्याच्या आधी आली होतीस तेव्हा. गेल्या सालच्या पूजेच्या आधी, जीप घेऊन. बर्मनबाबू छत्री धरून उभा होता. तू मला विचारलंस, मी सांगितलं. झोऱ्याकडून येतात, पहाटे येतात. तू लिहून घेतलंस. हिरव्या वहीत."

मला काहीच आठवेना. सप्टेंबरात मी शालझोऱ्यात दोन तास होते. त्यातला एक तास बंगल्यावर जेवणात गेला होता. परत केंद्रात गेल्यावर मी ती वही काढली. शालझोऱ्याच्या पानावर तळाशी माझ्याच अक्षरात एक ओळ होती: 'एक मजूर बाई म्हणते नाल्याच्या बाजूने, पहाटे. तपासणे.' त्या ओळीपुढे खूण नव्हती. मी कधीच तपासलं नव्हतं. पण हे नंतरचं. त्या दुपारी मी नुसती पेला धरून बसले होते, आणि मान वर करायचं धैर्य होत नव्हतं.

"मग झाड तोडायला आले त्या दिवशी तरी सांगायचंत," मी कशीबशी म्हणाले. "तुमचं झाड होतं. ओरडून सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तू पुन्हा लिहून घेतलं असतंस," करमी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "म्हणून म्हटलं, हिला बसवू या तिथं. स्वतः बघितलेलं माणूस विसरत नाही."

मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती, त्या पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं, निरखून. या वेळी ते बघणं मला कळलं. ती मला तेव्हाच ओळखून होती. मीच तिला ओळखलं नव्हतं.

"चुकले, मौसी."

"ते मिटलं." तिनं रिकामे पेले उचलून ओट्यावर ठेवले आणि पदर खोचला. "पण आता आलीच आहेस, तर बावीस नंबर बघून घे. चार-पाच झुडपं उभ्या उभ्या सुकलीत. पानाला काही नाही, मुळाशी काहीतरी आहे. सरदाराला सांगितलं, बाबूला सांगितलं."

"किती दिवस झाले?"

"महिना."

सुट्टीचा दिवस होता. मी खाटेखालचे बूट ओढून पायांत चढवले, नाड्या घट्ट बांधल्या. करमी कुदळ खांद्यावर टाकून लाईनीच्या बाहेर पडलीसुद्धा होती. तिला गाठायला मला पळावं लागलं.